चार मिनिटांची हवा

१

संध्याकाळी पाच चाळीसला घर एक सेकंदभर गप्प व्हायचं.

घर गप्प झालं तर त्यात एवढं काय, असं कुणीही म्हणेल. म्हणू दे. पण वहिनीचा सगळा जन्म कानांत गेलेला. कानाच्या दवाखान्यात ती श्रवणयंत्रं दुरुस्त करायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आवाजबंद खोलीत बसवून त्यांचे कान तपासायची. कुठलं यंत्र शिट्टी मारतंय, कुठला पेशंट काही ऐकू येत नसताना उगाच बटण दाबतोय, हे तिला लांबून कळायचं. तेव्हा एक सेकंद म्हणजे तिच्या लेखी काही थोडाथोडका वेळ नव्हता.

पाचला घरी यायचं, हातपाय धुवायचे, सासूबाईंबरोबर चहा घ्यायचा, आणि सव्वापाचला मागच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसायचं. आठला नवरा कामावरून येईपर्यंत तिथून हलायचं नाही, असा तिचा नेम. पुढच्या खोलीत सासूबाईंचा टीव्ही, स्वयंपाकघरात फ्रिजची घुरघुर, खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेतोय आणि ती गाडी टीं टीं करतेय. आणि पाच चाळीसला हे सगळं एकदम बंद.

पहिल्यांदा तिला वाटलं, फ्रिज. फ्रिज मधूनच थांबतो, आणि तो थांबला की इतका वेळ तो चालू होता हे आपल्याला कळतं. पण फ्रिजबरोबर टीव्ही थांबत नाही. टीव्हीबरोबर रस्ता थांबत नाही. एकदा तर ती बिस्कीट खात होती. दाताखाली बिस्कीट मोडल्याचं कळलं, पण कुर्रकन आवाज आला नाही. तो पुढच्या घासाला आला.

"आई, टीव्ही बंद केला होतात का मगाशी?" तिनं तिथूनच ओरडून विचारलं.

"मी कशाला करू बंद? आत्ता कुठे रंगात आलंय," सासूबाई म्हणाल्या. "तुझंच लक्ष नसतं घरात. त्या डबड्यात डोकं घालून बसतेस, मग काय ऐकू येणार?"

हे काही खोटं नव्हतं. वहिनीनं विषय सोडून दिला.

२

तो खेळ भाऊजींनी, म्हणजे धाकट्या दिरानं, तिच्या गळ्यात मारला होता. घरात कॉम्प्युटर नुसता धूळ खात पडलाय हे बघून एका रविवारी त्यांनी तो चालू केला, खेळ घातला आणि वहिनीला खुर्चीत बसवलं.

"यात जिंकायचं-हरायचं काही नसतं, वहिनी. एक जहाज मिळतं आणि सगळं अंतराळ मोकळं. व्यापार करा, खाणी खणा, लोकांना लुटा, नाहीतर नुसत्या भटका. कसं खेळायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं."

वहिनीनं चार दिवस विचार केला आणि टँकरवाल्यांत नाव घातलं. टँकरवाले म्हणजे कुणाचं जहाज तेल संपून मध्येच अडकलं, तर त्याच्यापर्यंत तेल घेऊन जाणारे खेळाडू. मोबदला शून्य. तिनं जहाजाचं नाव ठेवलं 'घागर'. भाऊजी हसून हसून लोळायचेच बाकी राहिले. म्हणाले, "अहो, अख्खं विश्व आंदण दिलं तुम्हाला, आणि तुम्ही दारोदार तेल घालत फिरणार?"

पण तिला ते काम मनापासून आवडलं. त्याची एक रीत होती. अडकलेल्या माणसाला आधी सांगायचं, खेळ बंद कर आणि गप बाहेर बस, कारण बाहेर असताना जहाजातली हवा संपत नाही. मग आपण तासन् तास प्रवास करून त्याच्या जवळ पोचायचं. अगदी जवळ आलो की निरोप द्यायचा, आता आत या, दिवा लावा, आणि हलू नका. हलायचं का नाही, तर जागचं हललं की हवा दुप्पट जाते. त्याचा दिवा दिसला की सरळ तिकडे जायचं, नळी जोडायची, तेल द्यायचं, हवा भरायची, की झालं. लोक इतके दुवे द्यायचे की विचारू नका. दोन वर्षांत तिनं नव्व्याण्णव जणांना बाहेर काढलं.

शंभरावा माणूस नवशिका होता. स्वतःच तसं म्हणाला. "ताई, मी अगदी नवशिका आहे. साठी उलटली. मुलानं जाताना हा खेळ लावून दिला, आणि मी शहाणा, पहिल्याच फेरीत लांब येऊन बसलो. हवा चार मिनिटांची उरली आहे म्हणे. काय करू?"

तिनं त्याला बाहेर बसवलं, दोन संध्याकाळी मिळून तीन तास जहाज हाकलं, जवळ आल्यावर सांगितलं, "या आत. दिवा लावा. हलू नका."

"बरं ताई," तो म्हणाला. दिवा लागला. घड्याळात पाच चाळीस झाले होते, आणि ती त्याच्यापासून दोन मिनिटांवर होती.

आणि त्याच वेळी तिच्या यंत्रावर एक ग्रह दिसला. कड्यांचा, निळसर, कुणाच्याच नावावर नसलेला. या खेळात जो पहिला उतरतो त्याचं नाव त्या ग्रहाला कायमचं लागतं. दुसरं एक जहाज तिकडेच निघालेलं तिला दिसत होतं. तिनं घाईघाईत लिहिलं, "पाच मिनिटांत येते," आणि घागर वळवली.

त्याचं उत्तर आलं होतं. ते तिनं वाचलं नाही.

ग्रह तिला मिळाला. पडद्यावर तिचं नाव झळकलं, तिनं भाऊजींना फोन लावला, भाऊजी तिकडून ओरडले, सासूबाई काय झालं म्हणून बघायला आल्या, नवराही त्या दिवशी लवकर आला. या गडबडीत तिनं कॉम्प्युटर बंद केला. अंथरुणावर पडताना त्या म्हाताऱ्याची आठवण झाली. सकाळी बघितलं तर तो दिवा नव्हता. आता त्याला शोधायचं कुठे, आणि शोधून तोंड कसं दाखवायचं?

टँकरवाल्यांच्या फळ्यावर त्याच्या नावापुढे रिकामा चौकोन होता. तिनं त्यात बरोबरची खूण केली. काम पूर्ण. लगेच सगळ्यांचे निरोप आले, शंभरी झाली, शंभरी झाली. मुख्य टँकरवाल्यानं तिच्या जहाजावर सोनेरी पट्टा लावून दिला.

आठवड्याभरात तिनं टँकरवाल्यांचं काम सोडलं. भाऊजींना म्हणाली, "आता मी नुसती भटकणार. आपलं आपण. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

"चांगलंय की. तुमचा खेळ, तुमची मर्जी," भाऊजी म्हणाले. ती दूर दूर जात राहिली. निरोपांचा आवाज तर तिनं शंभरीच्या कौतुकानंतर लगेच बंद करून टाकला होता.

३

साडेसहा महिन्यांनी निरोपांच्या चित्रावर तिची नजर गेली, तीही चुकून. चित्राच्या कोपऱ्यात २०० असा आकडा होता.

तिला वाटलं, जाहिराती असतील. उघडलं. एकाच माणसाचे निरोप होते, वरपासून खालपर्यंत, रोज एक, प्रत्येक पाच चाळीसचा.

ताई, मी हललो नाही. हवा ३:५९.

ताई, मी हललो नाही. हवा ३:५८.

ती खाली खाली जात राहिली. शब्दाचा फरक नाही. फक्त एकेक सेकंद कमी होत गेलेला. शेवटचा त्याच दिवशीचा, दहा मिनिटांपूर्वीचा. हवा ०:४१.

सगळ्यांच्या वर, पहिल्याच दिवशीचं, तिनं न वाचलेलं ते उत्तर होतं. "पाच? पण ताई, हवा तर चारच मिनिटांची आहे ना? बरं. तुम्ही म्हणता तर बसतो."

वहिनीनं हात तोंडावर ठेवला. पुढच्या खोलीतून सासूबाईंनी दोनदा हाक मारली, तेव्हा तिनं निरोपांचं चित्र मिटवलं.

रविवारी भाऊजी आले तेव्हा तिनं त्यांना सगळं दाखवलं. खूण खोटी केल्याचं मात्र दाखवलं नाही.

"कुणीतरी गंमत करतंय," भाऊजी म्हणाले. "रोज एक सेकंद खेळ उघडायचा, निरोप टाकायचा आणि बंद करायचा. चिकाटी म्हणा त्याची. तुमची फिरकी घेतोय."

"साडेसहा महिने?"

"रिकामटेकडे लोक काय काय करतात तुम्हाला ठाऊक नाही. आणि समजा संपली हवा. मग काय? मेला की स्टेशनवर उठतो. खेळ आहे वहिनी, माणूस नाही मरत."

बोलता बोलता त्यांनी त्या माणसाचं पान उघडलं. कोण कधी आत आला, कधी बाहेर गेला, हे तिथे दिसतं. भाऊजी पुढे वाकले. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"काय झालं?"

"काही नाही. पानातच घोळ आहे. हा आत आल्याची नोंद आहे, त्याच दिवसाची. बाहेर गेल्याची नोंदच नाही. आणि आतला वेळ दाखवतंय फक्त तीन मिनिटं पंचवीस सेकंद."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी प्रोग्रामर झोपेत होता," असं म्हणून भाऊजींनी पान बंद केलं. मग लगेच सासूबाईंशी गप्पा मारायला गेले. इतका वेळ ते एरवी आईशी बोलत नसत.

वहिनी मात्र तिथेच बसून हिशेब करत राहिली. तीन मिनिटं पंचवीस सेकंद. म्हणजे त्याच्या लेखी आपण जाऊन साडेतीन मिनिटंही झालेली नाहीत. आपण पाच म्हणालो होतो. त्याला वाटतंय, ताई येतेच आहे.

म्हणजे आपण अजून उशीर केलेलाच नाही. या विचारानं तिला इतकं हलकं वाटलं, की त्या हलकं वाटण्याचीच तिला लाज वाटली.

४

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दुपारी पेशंट नव्हते तेव्हा तिनं डॉक्टरांना म्हटलं, "सर, जरा माझे कान तपासाल का?"

"तुमचे? सुताराच्याच घरचा पाट मोडला वाटतं," डॉक्टर हसले, पण तपासले. ती आवाजबंद खोलीत बसली, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण घेतलं. हजारो लोकांना तिनं तिथे बसवलं होतं. स्वतः बसायची वेळ कधी आली नव्हती. दार लागलं आणि ती शांतता अंगावर आली, जाड रजईसारखी. तिनं बटण घट्ट धरलं. कारण ही शांतता तिला ओळखीची होती. घरची. पाच चाळीसची.

"उत्तम आहेत कान," डॉक्टर बाहेर आल्यावर म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगले. झोप कमी होतेय का?"

"तसंच असेल," ती म्हणाली.

पण एक गोष्ट तिनं डॉक्टरांना सांगितली नाही. या धंद्यातल्याच माणसाला कळेल अशी ती होती. रिकाम्या खोलीची शांतता आणि आत माणूस गप्प बसलेला असताना खोलीची शांतता, या दोन वेगळ्या असतात. माणूस ऐकू येत नाही, तरी तो आहे हे कळतं. आवाज चुकायला नको म्हणून पेशंट श्वास धरून बसतात ना, तशी. दवाखान्यातली शांतता तिला आज पहिल्या जातीची वाटली. घरची दुसऱ्या जातीची होती.

त्या संध्याकाळी पाच चाळीसला तिनं मुद्दाम डोळे मिटून घेतले. सगळं बंद झालं. एकच सेकंद. मागे, पलंगाशेजारी कपड्यांच्या घड्या ठेवायची जी खुर्ची होती, त्या बाजूला, कुणीतरी अगदी मन लावून हलत नव्हतं.

मग फ्रिज घुरघुरला. तिनं वळून बघितलं. खुर्चीवर घड्या होत्या. ती स्वतःला म्हणाली, मन खातंय तुझं, दुसरं काही नाही. मन खायला लागलं की माणसाला काहीही ऐकू येतं.

५

परत जायला किती वेळ लागेल ते तिनं मोजलं. सरळ वाटेनं, कुठे न थांबता, रोज सव्वापाच ते आठ जहाज हाकलं, तर एकतीस संध्याकाळी आणि वर थोडा वेळ. हवा होती चौतीस सेकंदांची, म्हणजे चौतीस दिवसांची. जेमतेम बसत होतं.

एक सोपी वाट होती, नाही असं नाही. टँकरवाल्यांपैकी कुणीतरी तिथून जवळच असणार. एक निरोप टाकला असता, तर त्याच दिवशी त्या माणसाला तेल मिळालं असतं. तिनं निरोप लिहिलाही. "शंभरावं काम मी केलं नव्हतं. खूण खोटी होती. कुणी जवळ असेल तर कृपा करून जा." तीनदा वाचला. मग तिला तो सोनेरी पट्टा आठवला, त्या सगळ्यांचं कौतुक आठवलं, आणि भाऊजी ऐकतील तेव्हा काय म्हणतील ते आठवलं. तिनं निरोप पुसून टाकला. मीच जाते, म्हणाली. मी टाकलं, मीच काढते. ऐकायला हे फार चांगलं वाटत होतं. खरं काय ते तिला चांगलं माहीत होतं, तिचा आब राखायला एका म्हाताऱ्याची हवा खर्च होत होती.

मग तिनं जहाज हाकायला घेतलं. चहा सोडला. नवऱ्याचा फोन आला तर हूं हूं करून ठेवायची. नवरा म्हणाला, "अगं, लग्न माझ्याशी झालंय की त्या जहाजाशी?" सासूबाई कुरकुरल्या की कपड्यांच्या घड्या आता त्यांनाच घालाव्या लागतात. वहिनी ऐकायची आणि काळ्या पडद्याकडे बघत राहायची. रोज पाच चाळीसला सेकंदभर सगळं बंद व्हायचं, निरोप यायचा, आकडा उतरायचा. बावीस. एकवीस. वीस.

आणि अठराव्या सेकंदाला तिचं मन फिरलं.

झालं असं, की ती थकली होती. आणि त्या सेकंदाला आता तिला मागची खुर्ची जवळ आल्यासारखी वाटायची. खुर्ची जागची हललेली नसायची, तिनं टेपनं मोजलं होतं. तरी वाटायची. तिच्या मनात आलं, नाही पोचले तर? हवा संपेल. निरोप थांबतील. भाऊजी म्हणाले तसा तो स्टेशनवर उठेल आणि मी सुटेन. कुणाला काय कळणार आहे?

त्या दिवशी ती मागच्या खोलीत गेलीच नाही. पुढच्या खोलीत सासूबाईंशेजारी टीव्ही बघत बसली. सासूबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी मालिकेतल्या सगळ्या माणसांची नाती समजावून सांगायला घेतली. पाच चाळीसला सगळं बंद झालं. इथेही. सासूबाईंचे ओठ हलताना दिसले, शब्द आला नाही. मग आवाज परत आला आणि सासूबाई बोलायच्या थांबल्या. त्यांनी मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"तुझ्याकडे कुणी आलंय का गं?"

"नाही आई. कोण येणार?"

"मला वाटलं," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा नात्यांकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशीही वहिनी पुढच्याच खोलीत बसली. पण तिचं टीव्हीत चित्त नव्हतं. रात्री तिला राहवलं नाही, तिनं निरोप उघडून बघितले. दोन्ही दिवसांचे आले होते. ताई, मी हललो नाही. ताई, मी हललो नाही. ती मनात म्हणाली, मी काय बाई आहे! हा बिचारा एक सेकंदसुद्धा चळत नाही, आणि मी त्याच्या मरणाची वाट बघत टीव्ही बघतेय. ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली.

दोन दिवस गेले होते. हाताशी जेवढे जास्तीचे होते तेवढे सगळे गेले होते. तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यातून पाच मिनिटं लवकर निघाली आणि चप्पलसुद्धा न काढता कॉम्प्युटरपुढे बसली.

६

पोचली त्या संध्याकाळी पाच पस्तीस झाले होते. कालच्या निरोपात आकडा होता ०:०१.

जहाज तिथेच होतं. लहानसं, नवशिक्यांना पहिल्यांदा देतात तसलं, दिवा नसलेलं. घागरीचा उजेड त्याच्यावर पडला तेव्हा त्याच्या अंगावर साचलेला बर्फ दिसला. शेजारी, फार लांब नाही, तो निळसर ग्रह होता, त्याच्यावर तिचं नाव. इतकं जवळ होतं हे? तिला आठवत होतं त्याहून फारच जवळ. दोन मिनिटं म्हणजे काय असतात!

दिवा लागल्याशिवाय नळी जोडता येत नाही, हा नियम. म्हणजे दिवा लागेल तो एकच सेकंद तिच्या हातात. तिनं नळी समोर धरली. बोट बटणावर ठेवलं. बोट चुकू नये म्हणून दुसऱ्या हातानं मनगट धरलं. पुढच्या खोलीत टीव्ही चालू होता. फ्रिज चालू होता. खाली गाडी टीं टीं करत होती.

पाच चाळीस.

सगळं बंद झालं, दिवा लागला, तिनं बटण दाबलं.

नळी बसली. तेल जायला लागलं. हवेचा आकडा शून्यावर टेकता टेकता थांबला, आणि वर चढायला लागला. एक मिनिट. चार मिनिटं. एक तास. दिवा चालूच राहिला. वहिनीच्या तोंडून हुंदका फुटला. "मिळाली हो, हवा मिळाली," ती मोठ्यानं म्हणाली, पण तिचा आवाज तिलाच विचित्र लागला. भिंतींना न लागता नुसता तोंडासमोर पडलेला, तो आवाजबंद खोलीत पडतो तसा.

फ्रिज सुरू झाला नाही. टीव्हीही नाही, रस्ताही नाही. तिनं घड्याळात बघितलं. पाच चाळीस होऊन पंधरा सेकंद झाले होते. वीस. शांतता उठत नव्हती.

समोरच्या जहाजाच्या काचेवरचा बर्फ वितळला. आतला उजेड दिसला, चालकाची खुर्ची दिसली. खुर्चीवर कुणी नव्हतं. पट्टे मोकळे लोंबत होते.

पडद्यावर निरोप आला.

"आलात ताई? मला खात्री होती. पाच मिनिटंसुद्धा नाही लागली तुम्हाला. आता हलू का?"

वहिनीनं उत्तर लिहिलं. हो. एवढंच. पाठवायच्या बटणावर बोट नेलं आणि ते तिथेच राहिलं. कारण मागे, पलंगाच्या बाजूला, ती शांतता दुसऱ्या जातीची होती, आत माणूस असलेली. आता तिला सेकंदाची मर्यादा नव्हती. आता त्या माणसाकडे भरपूर हवा होती.

दारात सासूबाई आल्या. त्यांची चाहूल लागली नाही, फक्त आवाज आला, अगदी कानापाशी, स्वच्छ.

"अगं, कमाल आहे तुझी! कधीपासून बसवून ठेवलंयस त्यांना? पाणी तरी विचारलंस का?"

वहिनी वळली नाही. पडद्याच्या काळ्या भागात तिला सासूबाईंचं प्रतिबिंब दिसत होतं. सासूबाई खोलीत आल्या, हातात पेला होता. त्या पलंगाकडे गेल्या, खुर्चीपाशी थोड्या वाकल्या, एरवी पाहुण्यांपुढे वाकतात तशा. पेला पुढे केला. काही तरी ऐकत उभ्या राहिल्या. मग सरळ झाल्या.

"घेत नाहीत," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात वहिनीवरचा राग होता, आणि त्या माणसाविषयी कळवळा होता. "ताईंनी सांगितल्याशिवाय हात हलवायचा नाही म्हणतात. किती गार पडलेत गं ते. सांग ना त्यांना एकदाचं."

वहिनीनं पडद्यावरचं 'हो' पुसलं. तिची बोटं आपोआप चालली, आठ महिन्यांपूर्वी चालली होती तशीच. पाच मिनिटं हं, तिनं लिहिलं. आलेच.

"बरं ताई," तो म्हणाला. ते पडद्यावर आलं नाही.